झोपलेल्या प्रतीला कोण उठवणार?

पायरी १. चालू प्रत कोणती ते नीट बघा.

सुशांतने नीट बघितलं, पण पॅच मारून झाल्यावर.

रविवारी दुपारचे दोन. कळव्याच्या औषध कारखान्यातल्या मोठ्या युनिक्स सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टिमच्या दोन प्रती होत्या. एक चालू, दुसरी स्टँडबाय, म्हणजे झोपलेली. रीत साधी होती. दुरुस्तीचे पॅच झोपलेल्या प्रतीवर मारायचे, मग सर्व्हर रिबूट करून तिला उठवायचं. बिघडलं तर जुनी आहेच. सुशांतने सगळे पॅच चालू प्रतीवरच मारले. आता ती धड जुनी नव्हती, धड नवी नव्हती, आणि कधीही कोसळली असती.

उद्या त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. परमनंटचं पत्र उद्याच मिळायचं होतं. किंवा नाही.

पायरी २. अडचण आल्यास वरिष्ठांना कळवा.

वरिष्ठ, म्हणजे प्रभाकर सर, ठाकुर्लीला भाचीच्या साखरपुड्यात जेवत होते.

"सर, चालूवरच बसला पॅच."

"कशावर?"

"चालूवर."

फोनमध्ये मागून कुणीतरी म्हणालं, "अजून एक जिलबी घ्या ना!"

"नको, नको, नको," सर म्हणाले. नक्की कोणाला, ते कळलं नाही.

"सर, मी झोपलेलीला उठवतो. रिबूट मारतो."

"हात लावू नकोस! मी येतोय!"

पायरी ३. स्टँडबाय प्रत सुरू करा.

(ही पायरी सुरू व्हायला तासभर लागला.)

सर रेशमी कुर्त्यात, घामाघूम होऊन पोचले. सुशांत पडद्याकडे बोट दाखवून उभा होता.

"सर, हा सर्व्हर दोन हजार दोनशे तीन दिवस सलग चालू आहे. सहा वर्षं रिबूटच नाही? तुम्ही तर दर तिमाहीला पॅच मारता."

"मारतो ना. झोपलेल्या प्रतीवर. अगदी नियमाने."

"आणि उठवत नाही?"

"अरे, चालू प्रत चांगली चालली होती. झोपलेलीला कशाला त्रास द्यायचा?"

"पण रिपोर्ट?"

"'स्टँडबायवर पॅच मारला: होय.' यात खोटं काय आहे?"

म्हणजे सहा वर्षं औषधपाणी झोपलेलीला चाललं होतं, आणि ती जिवंत आहे का हे कुणी बघितलंच नव्हतं.

दार ढकलून डिस्पॅचची हेमांगी आत आली. "माझी स्क्रीन अडकली. तुम्ही काही केलंय का?"

"नाही!" दोघे एकदम ओरडले.

"मग घाबरलायत कशाला? बाहेर तीन ट्रक उभे आहेत. लोडिंगवाल्यांची पण बंद पडली आत्ताच." ती गेली.

"सर, जुनी कोसळायला लागली. आता झोपलेलीला उठवायलाच लागेल."

"हो. उठव तू. तरुण आहेस."

"तुम्ही परमनंट आहात, सर."

सरांनी कीबोर्ड त्याच्यापुढे सरकवला. सुशांतने डोळे मिटून कळ दाबली.

पडदा काळा झाला.

चार मिनिटं.

नऊ मिनिटं. सर पुटपुटत होते. बहुधा रामरक्षा, मध्येच "नीला मॅडमना काय सांगू" असंही ऐकू आलं.

पायरी साडेतीन. दोघांनी एकमेकांचा हात धरावा. (यादीत नाही. पण धरला.)

चौदाव्या मिनिटाला पडद्यावर लॉगिन आलं. झोपलेली प्रत उठली होती, आणि जुनीपेक्षा दुप्पट वेगाने पळत होती. बाहेर पहिला ट्रक हलला.

सोमवारी विभागप्रमुख नीला मॅडमनी सुशांतला बोलावलं.

"मुद्दाम केलंत की चुकून, ते मी विचारत नाही," त्या म्हणाल्या. "पण सहा वर्षांत या विभागात रिबूट करायची हिंमत फक्त तुम्ही दाखवलीत. हे घ्या परमनंटचं पत्र."

सुशांतचा जीव भांड्यात पडला. त्याने पान उलटलं. मागे एक तक्ता होता.

"हे काय, मॅडम?"

"आपले बाकीचे अकरा सर्व्हर. तेही कधी उठवलेले नाहीत. दर रविवारी एक, तुमच्या हातून."

सुशांतने पत्र हळूच मिटून टेबलावर ठेवलं.

"मॅडम, जुनंच कॉन्ट्रॅक्ट अजून तीन महिने चालवू या का?"