पासवर्डसाहेब आणि अंतराळयानातल्या चाळीस चुका

घरच्या टीव्हीला पासवर्ड घालायचं पासवर्डसाहेबांनी ठरवलं, तेव्हा त्यांना कोणी अडवलं नाही, तिथेच सगळं चुकलं.

हे नाव त्यांना ऑफिसात पडलं होतं. तिथे ते सगळ्यांना नवे पासवर्ड वाटत. (ते जिन्यावर दिसले की लोक लिफ्टने जात.) घरी त्यांना एकच व्यसन होतं : रविवारी संध्याकाळी पाचला लागणारी अंतराळयानाची मालिका. आप्पांशेजारी, म्हणजे आपल्या वडिलांशेजारी बसून ते ती बघत आणि यानाच्या कॉम्प्युटरमधल्या चुका वहीत टिपत. आतापर्यंत चाळीस झाल्या होत्या.

"बघा आप्पा! बटणांवर गोळी झाडली की दार उघडतं! उलट घट्ट बंद व्हायला नको?"

"अरे, शत्रू आत आलाच नाही तर पुढचा अर्धा तास दाखवतील काय?" आप्पा म्हणाले. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाला दार कधी उघडावं हे कळत होतं.

साहेबांना सगळ्यात जास्त झोंबायची ती चूक नंबर एक. कॅप्टन यानाचा पासवर्ड सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणायचा! "याला मी पंख्याच्या बटणाला हात लावू देणार नाही!"

आणि खरी सुरक्षा कशी असते ते दाखवायला त्यांनी टीव्हीला पासवर्ड घातला. दर रविवारी सकाळी नवा. तीनदा चुकलं की टीव्ही दुसऱ्या दिवसापर्यंत बंद. पासवर्डच्या कागदाचे सोळा तुकडे करून ते तीन वेगवेगळ्या कचऱ्याच्या डब्यांत टाकत.

त्या रविवारी मालिकेचा शेवटचा भाग होता. सोमवारी सकाळी आप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन. दुसऱ्या डोळ्यानं त्यांना नुसता उजेड दिसायचा. "कॅप्टन वाचतो का एवढं बघू द्या, मग डोळ्याचं काय ते करा," असं त्यांनी डॉक्टरांना बजावलं होतं.

पाचला दहा मिनिटं कमी असताना साहेब रिमोट घेऊन उभे राहिले. आणि उभेच राहिले.

"काय झालं हो?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. आठवतोय."

"माझा वाढदिवस घाला."

"वाढदिवस? शत्रू पहिल्यांदा तोच घालून बघतो!"

"शत्रूला तरी लक्षात आहे म्हणायचा."

साहेबांनी निमूटपणे वाढदिवस घातला. चूक. (तारीख बरोबर होती की नाही, हा प्रश्न घरात अजून मिटलेला नाही.) मग मागच्या आठवड्यातला जुना घातला. तोही चूक. आता एकच संधी उरली. मुलगी तिन्ही डबे उपडे करून आली. "बाबा, कचरा सकाळीच गेला."

आप्पांनी चष्मा काढून हळूच मिटला. "राहू दे रे. मी समजेन, कॅप्टन वाचला."

एवढ्यात समोरच्या खिडकीतलं शिलाई मशीन थांबलं आणि शिंपीणकाकूंनी डोकं बाहेर काढलं.

"अहो, निळा उंट सात कुलपं!"

"क-काय?"

"तुमचा पासवर्ड! रिमोटनं एकेक अक्षर शोधताना मोठ्यानं म्हणता की तुम्ही. मागचा बरा होता, हिरवी पाल. आज उंट कुठून आणलात?"

साहेबांनी ओठ घट्ट मिटून एकेक अक्षर घातलं. टीव्ही उजळला. आप्पांनी चष्मा परत चढवला आणि काकू हातातलं पोलकं घेऊन मालिका बघायला आल्याच.

शेवटच्या भागात कॅप्टनच्या डोक्यावर फळी पडली आणि तो पासवर्ड विसरला. यान फुटायला वीस सेकंद राहिले. तेवढ्यात यानाचा आचारी हातात झारा घेऊन धावत आला. रोज स्वयंपाकघरात ऐकून ऐकून त्याला पासवर्ड पाठ झाला होता. यान वाचलं! आप्पांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या की चष्मा नाकावरून घसरला. साहेबांनी वही उघडली आणि चूक नंबर एक गुपचूप खोडली.

पुढच्या रविवारी सकाळी आप्पा डोळ्यावर पट्टी बांधून खुर्चीत बसले होते. साहेबांनी नवा पासवर्ड घातला. तोंडातून चकार शब्द काढला नाही. शेवटचं अक्षर झालं आणि ते छाती फुगवून वळले.

समोरचं मशीन थांबलं.

"अहो साहेब," काकू ओरडल्या, "आज काही ऐकू आलं नाही! विसरलात तर सांगायचं कोणी?"

साहेबांनी टीव्हीकडे बघितलं, मग पट्टीआड हसणाऱ्या आप्पांकडे, आणि खिडकीशी जाऊन पासवर्ड मोठ्यानं, सावकाश सांगितला.

"जरा थांबा," काकू म्हणाल्या, "लिहून घेते."