सहा वर्षं वापरलेलं नवं मशीन

शारजाहून अय्यूब आला तेव्हा पनवेलच्या घरात आळीतल्या बायका आधीच येऊन बसल्या होत्या. धाकट्या बहिणीच्या, नशराच्या लग्नात द्यायला तो एक मशीन आणणार होता. कणीक मळणारं, खिमा करणारं, खोबरं वाटणारं, सगळं एकटंच. त्याच्या आईने, कुलसुमबींनी, फोनवर ऐकलेलं वर्णन इतकं रंगवून सांगितलं होतं की बायका डोक्यावर पदर घेऊन, अगदी अदबीने त्याची वाट बघत होत्या.

अय्यूबने चादरीत गुंडाळलेलं मशीन मधोमध ठेवून उघडलं. बायका पुढे सरकल्या आणि तशाच मागे सरकल्या. पांढऱ्या अंगावर हळदीचे डाग, झाकणावर ओरखडे, वायरला काळी चिकटपट्टी आणि वर आलं-लसणाचा भपकारा.

"सेकंडहँड आणलंस?" कुलसुमबींनी विचारलं. "सख्ख्या बहिणीला?"

"नवीन हाय, अम्मी. मीच जुनं केलंय."

मग त्याने सांगितलं. दागिने, अत्तरं आणि ब्लँकेटं मिळून सामान करमाफीच्या सवलतीच्या वर गेलं होतं. नव्या मशीनवर कस्टमवाल्यांनी डूटी लावली असती, पण वापरलेल्या घरगुती वस्तूला ते सहसा हात लावत नाहीत, असं शारजात त्याच्याच खोलीत राहणाऱ्या फुजैलचं म्हणणं होतं. म्हणून अय्यूबने तेलात हळद कालवून मशीनला चोळली, चमच्याने ओरखडे काढले, धडधाकट वायरला पट्टी गुंडाळली आणि खोकं माहितीपुस्तकासकट फेकून दिलं.

"मग साहेब काय बोलला?" शेजारच्या सिदराने श्वास रोखून विचारलं.

"झाकण उघडलं आणि नाकाला रुमाल लावला. किती वर्षं वापरताय म्हणाला. मी म्हटलं, सहा. तर म्हणतो, वस्तू जरा जपून वापरावी."

बायका थक्क झाल्या. कस्टमचा साहेब म्हणजे काय साधा माणूस? नुसत्या चालीवरून तो मोज्यातलं सोनं ओळखतो. त्याला हळदीने गुंडाळणारा मुलगा आपल्या आळीत जन्मला, या विचाराने दोघीतिघींना भरून आलं.

कुलसुमबींना मात्र रविवार दिसत होता. त्या दिवशी मोऱ्याहून विहीणबाई खदीजाबी सामान बघायला येणार होत्या. "खोकं नाय, कागद नाय. नवीन हाय म्हणून कोण मानणार? डूटी भरली असतीस तर निदान पावती तरी दाखवली असती."

घासाघाशी सुरू झाली. लिंबू झालं, राख झाली. सोडा लावल्यावर पिवळे डाग लालभडक झाले आणि घरात घबराट पसरली. पाणी ओतल्यावर ते पुन्हा पिवळे झाले. शेवटी त्या हळदीपुढे सगळ्यांनी हात टेकले. डूटी खरंच भरली असती तर बरं झालं असतं, असं अय्यूबला पहिल्यांदा वाटलं.

रविवारी मशीन कपाटामागे, चादरीखाली होतं. खदीजाबींनी भांडी पाहिली, कपडे पाहिले आणि थेट जाऊन चादर उचलली. लग्न आता या डागांवर अडतंय, असं नशराला वाटलं. खदीजाबींनी डागावरून बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं. चिकटपट्टी निरखली.

"किती वर्षं वापरतेय ही?"

"सहा," अय्यूबच्या तोंडून सवयीने निघालं.

खदीजाबींनी नशराचे दोन्ही हात हातात घेतले.

"माशाल्लाह. लोक कोरी मशीनं देतात आणि मुलीला चहा करता येत नाय. ही पोरगी लहानपणापासून राबलीय. वायर झिजवलीन हिने." त्यांचे डोळे पाणावले. "रमजानात आमच्याकडे पन्नास माणूस इफ्तारला असतं. आता मला घोर नाय."

चहा सिदराने केला होता. तिने रिकामे कप उचलून आत नेले.

लग्न थाटात झालं. रमजानच्या पहिल्या दिवशी दुपारी अय्यूबचा फोन वाजला. पलीकडे नशरा कुजबुजत होती, आणि मागे बरीच माणसं असल्याचं ऐकू येत होतं.

"भाय, सगळ्या जावा मशीनभोवती उभ्या हायत. कौतुकाने बघतायत. हे चालू कुठून होतं?"

"मला काय माहीत?" अय्यूब म्हणाला. "नवीन होतं. मी एकदाही चालू केलं नाय, जपून ठेवलेलं."