खिडकीजवळ की पंख्याखाली?

ती एकोणीसशे ब्याण्णव सालची गोष्ट. त्या वर्षी माईने आयुष्यात पहिल्यांदाच सरकारकडे काहीतरी मागितलं, आणि ते मिळणारच अशी तिची बालंबाल खात्री होती!

"अहो वन्सं, नाही म्हणायला त्यांना कारण तरी सापडायला हवं ना?" ती नणंदेला म्हणाली. "तपासणीच्या बाईंनी यांच्याकडे नुसतं एकदा बघितलं की झालं!"

'यांच्याकडे' म्हणजे कॅप्टनकडे. हे कॅप्टन लष्करातले नव्हेत. मोठ्या हॉटेलात सगळ्या वेटरांवर जो नजर ठेवतो, आलेल्याला हसून टेबलापर्यंत नेतो, त्याला कॅप्टन म्हणतात. माईच्या नवऱ्याने उभी हयात तेच केलं. नोकरी संपली तरी नाव काही संपलं नाही. सख्खी बहीण आक्कासुद्धा त्यांना कॅप्टनच म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी कॅप्टनचं उजवं अंग गेलं. तेव्हापासून त्यांना उठवायचं माईने, बसवायचं माईने, आंघोळ, कपडे, घास भरवणं, सगळं माईनेच. बरं, माई म्हणजे मूठभर जीव आणि कॅप्टन म्हणजे आरशाचं कपाट! ते घसरले की माई काठीने भिंत बडवायची आणि शेजारचा शिंपी गळ्यात टेप तसाच ठेवून धावत यायचा. शेवटी डॉक्टरांनी तिला दम भरला, "बाई, अजून वर्षभर असं उचलाल तर तुम्हीच आडव्या व्हाल. सकाळचा मदतनीस मागा, चाकाची खुर्ची मागा. सरकार देतं. नाहीतर यांना गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात ठेवा."

ते शुश्रूषागृह माईने पाहिलं होतं. रांगेने खाटा आणि रविवारी तासभर भेट. दुसऱ्या दिवशी तिने अर्ज टाकला.

तपासणीचा दिवस ठरला तशी आक्का ठाण मांडून बसली. तिने भावाची तालीम घ्यायला सुरुवात केली.

"कॅप्टन, बाई आल्या की मान खाली. जरा कण्हायचं."

"का?"

"का म्हणजे? दुखतं म्हणून!"

"दुखत नाही. नुसतं हलत नाही."

"मग हलत नाही म्हणून कण्ह!"

"आक्का," कॅप्टन गंभीरपणे म्हणाले, "लोक आपल्याकडे येतात ते चार घटका बरं वाटावं म्हणून. त्यांच्यासमोर कण्हणं म्हणजे सूपात माशी वाढणं!"

आक्काने कपाळावर हात मारला आणि जाताना वहिनीला बजावलं, "तू काहीही करू नकोस. घर जसं आहे तसंच दिसू दे."

घर जसं आहे तसंच! ज्या बाईने जन्मभर पाहुणा यायच्या आधी दाराची कडीसुद्धा पुसली, तिला हे सांगून काय उपयोग? बाहेरच्या खोलीत कॅप्टनची खाट होती, खाटेला उठायला बांधलेला दोर, खाली भांडं, कोपऱ्यात संडासची खुर्ची, खिडकीवर रबरी चादरी. माईने सकाळी एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि ती शरमेने लाल झाली. परकी बाई येणार आणि आल्या आल्या तिला भांडं दिसणार? छे!

दोर सुटला. भांडं मोरीत गेलं. चादरी ट्रंकेत गेल्या. संडासची खुर्ची तिने ओढत परसात नेली आणि वर फुलाफुलांचा पलंगपोस टाकला, तर ती इतकी सुरेख दिसायला लागली की मांजर लगेच वर जाऊन बसलं! मग कॅप्टनला टेबलाजवळच्या आरामखुर्चीत बसवून तिने एकटीने खाट आतल्या खोलीत लोटली. खाट सरकली आणि त्याच क्षणी माईच्या कमरेत कटकन काहीतरी झालं. ती काटकोनात वाकली ती वाकलीच!

तशाच अवस्थेत तिने कॅप्टनची दाढी केली, पांढरा सदरा घातला, काळा कोट चढवला आणि केसांना तेल लावून भांग पाडला. नवरा इतका रुबाबदार दिसत होता की दुखणं विसरून ती क्षणभर बघतच राहिली.

एकच घोर उरला होता. शिंपी नेहमी बनियनवर यायचा. माईने भिंत धरत त्याच्या दारापर्यंत जाऊन सांगितलं, "दादा, आज आमच्याकडे सरकारी बाई येणार आहेत. कितीही बडवलं तरी येऊ नका हं!"

"काठी वाजली तरी?"

"वाजली तरी!"

तपासणीच्या बाई आल्या. पोक्त, दमलेल्या, खांद्याला जड पिशवी. कुठे बसायचं ते न कळून त्या दारात उभ्याच राहिल्या. माई कमरेवर हात ठेवून, वाकून, टेबलाजवळची खुर्ची पुढे करायला निघाली.

आणि कॅप्टनने पाहिलं. पाहुणी उभी!

पुढे काय झालं ते माईला कधीच नीट सांगता आलं नाही. डॉक्टरांना जमलं नव्हतं, औषधांना जमलं नव्हतं, ते तीस वर्षांच्या सवयीने केलं. कॅप्टनने डाव्या हाताने टेबलाची कड धरली आणि ते उभे राहिले! एकटे! टेबलाला धरून दोन पावलं सरकले, त्याला टेकून तीच खुर्ची मागे ओढली आणि किंचित झुकून म्हणाले, "या बाईसाहेब. खिडकीजवळ की पंख्याखाली?"

माईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिने आपल्या नवऱ्याला त्याच्या पूर्ण उंचीत पाहिलं होतं. आणि लगेच तिला अर्ज आठवला. अरे देवा, हा माणूस आजच कसा उभा राहिला?

"पंख्याखाली," बाई खूश होऊन बसल्या.

आता खरी गोम अशी, की कॅप्टनला उभं राहता आलं तरी बसणं काही त्यांना एकट्याला जमणार नव्हतं! पाहुणीच्या खुर्चीची पाठ डाव्या हाताने घट्ट धरून ते तिच्या मागेच उभे राहिले. बाईंना तो शिष्टाचार वाटला.

"किती वेळ उभं राहू शकता?"

"आपण बसलेल्या असाल तोवर, बाईसाहेब."

"कपडे घालताना त्रास?"

"माझ्या कपड्यांबद्दल आजवर एकही तक्रार आलेली नाही."

"अहो, खरं सांगा ना!" माई कळवळली. "बाई, बटणं मी लावते. भरवते मी. उचलते मी!"

बाईंनी चष्मा सरकवून माईकडे पाहिलं. काटकोनातली माई एका हाताने भिंत धरून उभी होती आणि घामाने निथळत होती.

"तुम्ही?" बाईंनी हळुवारपणे विचारलं. "तुम्ही यांना उचलता?"

"रोज!"

"बरं, बरं," बाई लहान मुलाला म्हणावं तसं म्हणाल्या. "तुम्ही बसा बघू आधी. सरळ होता येतं का?"

"आजच नाही येत! उद्या येईल!"

"असंच वाटतं सगळ्यांना," बाई म्हणाल्या आणि लिहू लागल्या.

"चहा घेणार ना बाईसाहेब?" मागून कॅप्टनने विचारलं. माईने डोळे मिटून घेतले.

कॅप्टनने खुर्चीला पोट टेकवून, माईने आधीच चहा भरून टेबलावर ठेवलेली किटली डाव्या हाताने उचलली. एक थेंब बशीत सांडला असता तर सगळं वाचलं असतं! सांडला नाही. बाई चहा प्यायल्या, "असा नवरा मिळायला भाग्य लागतं," असं माईला म्हणाल्या आणि निघाल्या. दार लागलं. खुर्ची रिकामी झाली, म्हणजे हलकी झाली, म्हणजे सरकली. कॅप्टन कापलेल्या झाडासारखे खाली आले. धरायला गेलेली माई त्यांच्या शेजारी!

माईने काठीने भिंत बडवली. पलीकडे शिलाई यंत्र थांबलं. पुन्हा सुरू झालं.

"दादा! अहो दादा!"

"लक्षात आहे, माई!" भिंतीपलीकडून आवाज आला. "मुळीच येत नाही!"

संध्याकाळी आक्का आली तेव्हा दोघं जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. मधे बिस्किटांची बशी.

"हे काय? सहल?"

"वन्सं," माई म्हणाली, "हे उभे राहिले." आणि मग मात्र ती हुंदके देऊन रडायला लागली. ते आनंदाचं की दुःखाचं, आक्कालाही विचारवेना.

महिन्याभराने निकाल आला. पती सक्षम, उत्साही. मदत नामंजूर. पत्नीला मात्र चालण्याची गंभीर अडचण. तिला चाकाची खुर्ची मंजूर. मदतनिसाची गरज नाही, कारण घरी काळजी घ्यायला धडधाकट पती आहे!

आक्का दाद मागायला निघाली होती. माई म्हणाली, "नको. परत बाई येतील. परत हे उठतील."

खुर्ची आली. कॅप्टन तीत बसू लागले आणि माई मागून ढकलू लागली. आळीतल्या कुणी विचारलं, "कॅप्टन, ही खुर्ची तर माईंच्या नावावर ना?" की ते ऐटीत सांगत, "हो तर! मी नुसती राखून ठेवलीय."

शुश्रूषागृहात त्यांना जावं लागलं नाही. दीड वर्षाने ते घरीच गेले, दुपारच्या झोपेत. शिंप्याने पुढे मोठं दुकान थाटलं, पण भिंतीकडे कान असायची सवय त्याची सुटली नाही. आक्का शेवटपर्यंत सगळ्यांना कण्हायला शिकवत राहिली. स्वतः मात्र गेली ती हूं की चूं न करता. तपासणीच्या त्या बाई पुढे मोठ्या पदावर चढल्या.

आणि माई? तिची कंबर खरंच गेली. राखून ठेवलेली खुर्ची आता तिला हवीच होती. तेव्हाच कचेरीने फेरतपासणी काढली. नवी, तरुण अधिकारी आली. माईने भाचीकडून फरशी पुसून घेतली होती आणि ती नवं लुगडं नेसली होती.

दुसऱ्या दिवशी खुर्ची परत गेली.

"मावशी, तू उठलीसच कशाला?" भाची डोकं धरून ओरडली. "आणि वर तिला विचारलंस, खिडकीजवळ की पंख्याखाली!"

माई पलंगाची कड धरून बसली होती. ती ओशाळून म्हणाली, "अगं, पण ती बाई उभी होती ना!"