राज्य नीलिमावर

मुलांना मोकळं खेळू देणं, यात अवघड ते काय! नीलिमाचं म्हणणं असं, की नीट आखलं तर काहीही जमतं. लेकाचा, म्हणजे मल्हारचा, आठवडा तिने असाच आखला होता. पोहणं, कीबोर्ड, बुद्धिबळ, रोबोटिक्स! त्यात कुठल्याशा व्याख्यानात तिने ऐकलं, की मुलांना मोकळा खेळ हवाच. झालं! शनिवारी रोबोटिक्सच्या आधी एक चौकोन रिकामा होता. तिथे तिने हिरव्या रंगात लिहिलं, 'मोकळा खेळ'.

"त्यालाही युनिफॉर्म आहे का गं?" नवऱ्याने, म्हणजे सुहासने, विचारलं.

व्हाइटफील्डच्या त्या भल्यामोठ्या सोसायटीतल्या आणखी पाच आयांनी आपापली मुलं मोठ्या विश्वासाने तिच्या हवाली केली. मल्हार धरून सहाही जण बागेत आले आणि रांगेत उभे राहिले.

"टीचर कोण आहे?" छोट्या सिद्धीने विचारलं.

अरे देवा, यांना खेळताच येत नाही! नीलिमाने ओढणी खोचली आणि लपंडाव शिकवला. राज्य, भोज्जा, धप्पा, सगळं सगळं. शेवटी बजावलं, "आणि हे बघा, मी 'खेळ संपला, बाहेर या' म्हणून कितीही ओरडले, तरी यायचं नाही हं! ती युक्ती असते."

"ओके, मॅम!" सहाही जण एका सुरात म्हणाले. त्यात मल्हारसुद्धा होता.

ती खांबाला डोळे टेकवून मोजू लागली. विसापर्यंत पोचली तोच ऑफिसचा फोन! दोनच मिनिटांचा होता, ऑफिसच्या हिशेबाने.

फोन ठेवून वळली, तर अंधारून आलेलं. बाग रिकामी. झोपाळा एकटाच हलत होता.

"मल्हार! अरे, संपला खेळ! बाहेर या!"

कुठे हूं की चूं नाही. मुलं असलेल्या जागी इतकी शांतता तिने कधीच ऐकली नव्हती.

ती गेटवर धावली. तिथले वॉचमन हणमंतराव मूळचे निपाणीचे, मराठीत मधूनच कानडी शब्द पेरणारे. त्यांनी कॅमेऱ्यातलं चित्र मागे नेलं. सहा लहानशा सावल्या, ओठांवर बोट ठेवून, एकामागून एक बेसमेंटच्या उतारावरून खाली गेल्या. वर कुणीच आलं नव्हतं.

"चला ना खाली, हणमंतराव!"

"मी? या वेळेला? नको मॅडम. तिथं स्वल्प आवाज येतात."

"कसले आवाज?"

"ते ऐकायला मी थांबलो नाही!"

नीलिमा एकटीच उतरली. तिथले दिवे माणूस हलला की आपोआप लागणारे. तिच्या डोक्यावरचा लागला. मग पार टोकाचा लागला, जिथे कुणीच नव्हतं. आणि विझला. कव्हर घातलेली एक गाडी चक्क श्वास घेत होती.

"मल्हार, बाळा, ये ना रे! खरंच संपला खेळ!" तिचा आवाज रडवेला झाला. आपणच या आज्ञाधारक मुलांना काय सांगून ठेवलंय, ते तिला आत्ता आठवलं. आता त्या पाच जणींना काय तोंड दाखवायचं?

तेवढ्यात मागून एक थंडगार पंजा तिच्या पाठीवर पडला.

"धप्पा!"

नीलिमा अशी किंचाळली, की दोन-तीन गाड्यांचे भोंगे सुरू झाले! समोरच्या कव्हरखालून, खांबांआडून मुलं खिदळत बाहेर आली. सगळी धुळीने माखलेली. मल्हारच्या केसांत कोळ्याचं जाळं होतं आणि तोंडभर हसू. पोहण्याचं पदक मिळालं तेव्हाही तो असा हसला नव्हता. तिला आधी त्याला रागवावंसं वाटलं, मग एकदम भरूनच आलं.

"आई, राज्य परत तुझ्यावर!"

"हो रे बाबा! पण धप्पा कुणी दिला?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. सहाच्या सहा तिच्या समोरच उभी होती.

नीलिमा हळूहळू मागे वळली.

हणमंतराव टोपी हातात घेऊन ओशाळं हसत होते. "सॉरी मॅडम. तुम्हाला एकटं पाठवून चैन पडेना, म्हणून आलो. पण तुमची पाठ दिसली आणि स्वल्प राहवलं नाही."

इतक्यात रोबोटिक्सच्या सरांचा फोन वाजू लागला. नीलिमाने तो कट केला, खांबाला डोळे टेकवले आणि एकही आकडा न गाळता शंभरापर्यंत मोजलं. वळून बघते, तर बेसमेंट रिकामं! मुलं नाहीत आणि हणमंतरावही नाहीत. वर मेन गेटवर मात्र ऑफिसच्या कॅब कधीच्या हॉर्न वाजवत होत्या, आणि गेट उघडायला कुणीच नव्हतं!