ठकूच्या पलंगाखालचे सहा महिने

ठकूचा पलंग दर महिन्याला चार बोटं वर चढत होता.

पाच वर्षांची ठकू मात्र तेवढ्या वेगाने वाढत नव्हती. म्हणून आधी पलंगाशी पाट आला, मग स्टूल आलं. खरा पलंग केव्हाच देऊन टाकला होता. आता होते तांदळाचे, डाळींचे, साखरेचे डबे, त्यांवर फळी, फळीवर गादी आणि गादीवर ठकू. उद्या काही झालं, रस्ते तुटले, दुकानं बंद पडली, तरी तीन माणसं सहा महिने घरात बसून जेवतील, असा ठकूच्या आईचा बेत होता.

"संकट काय सांगून येतं?" ती म्हणायची.

"नाही. पण आलंच, तर त्याला बसायला जागा कुठाय?" ठकूचे बाबा विचारायचे.

साठ्याला हात लावायचा नाही, हा नियम. एकदा भाजी शिजत असताना मीठ संपलं, तेव्हा बाबा जिना उतरून, रस्ता ओलांडून पुडा घेऊन आले. ठकूखाली तसे चौदा पुडे होते. "ते संकटासाठी आहेत," आई म्हणाली. मुदत संपत आलेली वस्तू तेवढी बाहेर निघायची आणि तिच्या जागी नवी आत जायची. त्यामुळे त्या घरात ताजं बिस्कीट कुणी खाल्लं नव्हतं. बिस्कीट वाकतं, अशीच ठकूची समजूत होती.

बरोबर खालच्या घरात शिवणकाम करणाऱ्या मावशी एकट्या राहायच्या. ठकूची शाळा दोनला सुटायची, आईचं ऑफिस पाचला. मधले तीन तास ठकू मावशींच्या मशीनपाशी चिंध्या गोळा करत बसायची. मावशी नात्यातल्या नव्हत्या. पण लेक सोपवून दर अर्ध्या तासाने फोन न करता राहवेल, असं अख्ख्या जगात आईला ते एकच घर होतं.

एका रविवारी मावशी वाटी घेऊन वर आल्या. "अगं, गिऱ्हाईक चहाला बसवलंय आणि साखर संपलीय. वाटीभर दे बघू."

स्वयंपाकघरातला डबा खरोखरच तळाला गेला होता. आईने तो उघडून दाखवला. "आमचीही नेमकी संपलीय हो, मावशी."

वाक्य खोटं नव्हतं. निदान त्या डब्यापुरतं तरी.

"आई, माझ्या पलंगा–"

"ठकू, चपला नीट ठेव आधी!"

मावशी गेल्यावर आईने ठकूला जवळ घेतलं. "आपल्याकडे काय काय आहे ते कुणाला सांगायचं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचं, काही नाही."

ठकू मोठी गुणी मुलगी. दुसऱ्याच दिवशी मावशींनी "काय खाल्लंस गं सकाळी?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "आमच्या घरी काही नाही."

मशीन थांबलं. "काही नाही म्हणजे?"

"काहीच नाही. आणि कुणाला सांगायचं पण नाही."

मावशींनी कुणालाही सांगितलं नाही. फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांच्या कानावर घातलं, कारण ते कुणाला सांगत नसत. आठवडाभरात दाराशी पिठाची पिशवी आली. चिठ्ठी नव्हती, पण पिशवीचं तोंड मशीनवर शिवलेलं होतं. आणखी काय सांगायला हवं? मग तेलाची बाटली आली, मग तांदूळ. सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात बाबांचा हात हातात घेतला. "नोकरी काय, जाते तशी येते. धीर सोडू नका."

"माझी नोकरी गेलीय," बाबा घरात येऊन म्हणाले, "आणि सगळ्यात शेवटी मला कळतंय!"

ठकूची जरा उलटतपासणी घेतल्यावर उलगडा झाला.

"आत्ताच्या आत्ता खाली जा आणि खरं सांगून ये," बाबा म्हणाले.

"काय सांगू? वीस किलो साखर घरात असून वाटीभराला नाही म्हटलं, हे?"

"मग काय करणार आहेस?"

"सांगते. योग्य वेळ बघून सांगते."

योग्य वेळ येईपर्यंत पीठ, तेल, तांदूळ कुठेतरी ठेवणं भागच होतं. पलंग आणखी चढला. ठकू रोज ओठांवर दुधाची मिशी घेऊन वर येऊ लागली. "आई, मावशींकडची बिस्किटं मोडतात! कट्टकन!" ती डोळे विस्फारून सांगायची. आई मान खाली घालून ऐकायची आणि योग्य वेळ उद्यावर ढकलायची.

पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी, भर दुपारी, ठकू झोपेत कुशीवर वळली. एक डबा सरकला, फळी कलली आणि ठकू धप्पकन जमिनीवर आली. तिच्यामागून साखर आली, मग डाळी, मग तांदूळ.

आवाज थेट मावशींच्या डोक्यावर झाला. त्या धावतच वर आल्या. ठकू साखरेच्या ढिगात बसून भोकाड पसरत होती आणि मधेमधे हात चाटत होती. मावशींनी तिला उचललं, डोकं चाचपलं, हातपाय हलवून पाहिले. "काही झालं नाही. टेंगूळ येईल, बस."

मग त्यांनी खोलीवरून नजर फिरवली. साखरेतून पिठाची पिशवी डोकावत होती. तोंडावरची शिवण जशीच्या तशी होती.

"उघडलीसुद्धा नाहीस गं," एवढंच म्हणून त्या खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताच आई साखर आणि दूध पावडरचा मोठा डबा घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली. मावशी चहा टाकत होत्या.

"मावशी, चुकले मी. साखर होती."

"दिसली की."

"भीती वाटते हो सारखी. ठकू झाल्यापासून तर फारच. काही झालं तर आम्ही तिघं..."

"हो ना." मावशींनी गॅस बारीक केला. "आणि तुम्ही तिघं वर जेवत असताना मी खाली काय खात होते गं, तुझ्या यादीत?"

आईला यादी तोंडपाठ होती. काड्यापेट्याही होत्या तिच्यात.

मावशींनी दोन कप भरले. आईच्या कपात दूध घातलं, स्वतःचा तसाच ठेवला. आई लगबगीने डब्याचं झाकण काढू लागली.

"राहू दे. ठकूपुरतं दूध निघावं म्हणून माझ्या चहातलं बंद केलं होतं. पहिले आठ दिवस नुसता काढा लागला. आता मेला कोराच आवडतो, दुधाचा घशाखाली उतरत नाही. ठेव तुझ्याचकडे."

आई मांडीवर डबा घेऊन बसून राहिली. त्याची मुदत संपायला अजून दीड वर्ष होतं.