दोन्ही डाव्या

शिंपीबुवांचे चिरंजीव परदेशातल्या एका कोटांच्या कारखान्यात इंटर्नशिप करून आले आणि बुवांनी कात्री हातात धरायचंच सोडलं. आता ते दुकानात पुढच्या बाकावर बसत आणि येईल त्याला ऐकवत, "आमच्याकडे आता तिकडच्या पद्धतीने कोट शिवतात." बिचारा एखादा नुसतं बटण लावून घ्यायला आलेला असे, पण त्याचीही सुटका नव्हती.

समोरच्या दुकानातल्या शिंप्याने हे काही दिवस सहन केलं. मग इरेला पेटून त्याने आपल्या मुलीलाही त्याच परदेशी कारखान्यात धाडलं. ती परत आल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी एकच भाषण ऐकू येऊ लागलं.

पंचाईत झाली ती डॉक्टरांची. त्यांच्या जुळ्या मुलांचं लग्न एकाच दिवशी, दोघांना एकाच कापडाचे कोट हवेत, आणि दोन्ही शिंपी त्यांचे जुने पेशंट. कुणाचं मन मोडायला नको म्हणून त्यांनी एक कोट इकडे दिला, एक तिकडे. जुळ्यांची मापं हुबेहूब सारखी, त्यामुळे कापडही सारखंच वाटलं गेलं.

बुवांनी कापड थेट चिरंजीवापुढे ठेवलं. कारखान्यातली खरी गोष्ट त्याने घरात कुणालाच सांगितली नव्हती. तिथे एकाने एकच काम करायचं. त्याला पहिल्या दिवशी डाव्या बाहीच्या टेबलावर बसवलं, ते प्रमाणपत्र देईपर्यंत उठवलंच नाही. डावी बाही तो आता झोपेतसुद्धा शिवला असता. अडचण एवढीच, की कोटाला दुसरीही लागते.

"बाबा, कापताना जरा जवळ थांबता का?" त्याने विचारून पाहिलं.

"छे रे. माझा जुना हात लागला की तुझं शिक्षण बिघडायचं." बुवा बाकावरून हललेही नाहीत.

कोटाचं अंग झकास झालं, ते तो लहानपणापासून बाबांजवळ पाहतच आला होता. बाह्या त्याने सवयीच्या हाताने सपासप कापल्या, शिवल्या, मुंढ्यांना जोडल्या आणि कोट पुतळ्यावर चढवला. डावी बाही ऐटीत पुढे झुकली. उजवी मागे वळली, नवरदेव मागच्या खिशातलं पाकीट चाचपतोय तशी. दोन्ही बाह्या डाव्या झाल्या होत्या आणि कापड चिंधीपुरतंच उरलं होतं.

बाहेर बाबा कुणाला तरी सांगत होते, "पोराचा हात बघा, मशीनसुद्धा मागे पडेल." पुतळा कुणाला दिसू नये म्हणून तो खिडकीचा पडदा ओढायला गेला, आणि पडदा हातातच राहिला. समोरच्या दुकानातही पुतळ्यावर तसलाच कोट होता. त्याची डावी बाही मागे वळली होती.

दुपारी दोन्ही बाप जेवायला गेल्यावर तो कोट पिशवीत घालून रस्ता ओलांडून गेला.

"तिकडे कुठे बसायचास?" तिने पिशवीत डोकावत विचारलं.

"डाव्या बाहीवर. तू?"

"उजव्या. घरी सांगितलंस?"

"नाही. तू?"

"कुठल्या तोंडाने सांगू? बाबा मला मास्तर म्हणायला लागलेत."

दोघांनी खाली मान घालून एकेक बाही उसवली आणि अदलाबदल करून लावली.

लग्नात दोन्ही कोट असे बसले, की डॉक्टर स्वतःच्याच मुलांमध्ये गोंधळले. बुवांनी आपल्या दुकानातला कोट घातलेल्या नवरदेवाला गाठलं आणि त्याची उजवी बाही हातात धरून माणसं जमवली.

"ही बाही बघा. एक सुरकुती दाखवा. एवढ्याचसाठी पोराला परदेशी पाठवला."

चिरंजीव शेजारी उभा राहून स्वतःचे बूट बघत होता. पलीकडे समोरचा शिंपी दुसऱ्या नवरदेवाची डावी बाही चारचौघांत मिरवत होता, आणि त्याची मुलगी भिंतीकडे तोंड करून सरबत पीत होती.

बुवा चिरंजीवाच्या कानाशी लागले. "बघ, बघ. नुसती डावीच दाखवतोय. उजवी फसली असणार पोरीची."

एवढं मात्र चिरंजीवाला ऐकवेना. "नाही बाबा. उजवी ती फार छान शिवते."

"तुला रे काय माहीत?"

"तुमच्या हातात आहे ना, ती तिचीच आहे."

बुवांनी हातातल्या बाहीकडे पाहिलं, मग पलीकडच्या शिंप्याच्या हातातल्या बाहीकडे. हळूच बाही सोडून ते जमलेल्या माणसांना म्हणाले, "चला, जेवायचं बघा आता."