पाच पोथ्यांची ताडणी आणि गव्हाजी दिवटीवाल्याचे मरण

॥ श्री फासेश्वर समर्थ ॥ ज्यास वीस मुखे, आणि कोणते वर येईल हे त्यासही ठाऊक नाही, त्यास नमन करोन लिहिले ऐसे की, शके १६९१ विरोधी नाम संवत्सरे, फाल्गुन शुद्ध पंचमीस पोथीदफ्तरातून शहरी जाहीरनामा लागला. मजकूर येणेप्रमाणे: "सोंगफाशाच्या पाचही पोथ्यांत मरणाचा नियम एकच. शून्यास आला गडी मेला. आद्य पोथीत दया नाही, पुढेही नाही. अन्यथा वाचील तो अडाणी." खाली शिक्का पोथीनवीस हैबतपंतांचा. वाक्ये चार, आणि चारांत खरे एकही नाही. इतकी काटकसर दफ्तरास पूर्वी कधी साधली नव्हती. आता हा खेळ कैसा, तर चौघे पाचजण बैठकीस बसावे, एकाने सूत्रधार होवोन गुहा, किल्ले, वेताळ, राक्षस वर्णावे, आणि बाकीच्यांनी एकेक सोंग घेवोन त्या मुलखात शिरावे. सोंगाचे बळ, कवच आणि प्राण एका पत्रावर मांडावे, वार लागला की प्राण उणे करावे, आणि वार लागला की हुकला हे वीस पैलूंच्या फाशाने सांगावे. या राज्यात सोंग मेले म्हणजे त्याचे पत्र पुढील हुताशनीस होळीत घालावे, ऐसा रिवाज होता, आणि होळीतून परत आलेले पत्र कोणी पाहिले नाही.

त्या पंचमीच्या आदले दिवशी हैबतपंत स्वतः सूत्रधार बसले असता पिलखान्याच्या वैदीण आवडाबाई यांचे सोंग पडले. सोंगाचे नाव गव्हाजी. एकोणीस वर्षांमागे बाईंनी त्यास घेतले तेव्हा तो नुसता दिवटी धरणारा, प्राण तीन, हाती शस्त्र नाही. मग वर्षानुवर्षे फासे पडत गेले आणि तो किल्लेदार जाहला, आणि त्या दिवशी दरवाजात एकटा उभा राहोन त्याने मागल्या तिघांस वाट करोन दिली, आणि शून्यास आला. पंतांनी हात पुढे केला. म्हणाले, "बाई, पत्र द्या." बाई म्हणाल्या, "पंत, हत्ती खाली बसला म्हणजे मेला असे आमच्याकडे कोणी म्हणत नाही. आधी सोंडेपुढे हात धरून श्वास पाहतात." पंत म्हणाले, "पोथीत सोंडेचा नियम नाही." बैठक हसली. बाई हसल्या नाहीत. पत्र पदराखाली घेवोन उठल्या. आणि त्या उठण्यावर उतारा म्हणोन दुसरे दिवशी तो जाहीरनामा लागला.

मग बाई नारोशास्त्री ताडणीसांकडे गेल्या. ताडणीस म्हणजे एक पोथी दुसरीशी अक्षराअक्षराने ताडोन पाहणारे. आणि शास्त्रीबोवांनी या कामात डोळे इतके झिजविले होते की माणूस ओळखण्यापूर्वी त्यांस त्याचे हस्ताक्षर ओळखू येई. बाईंनी पत्र पुढे ठेविले आणि पुसिले, "शास्त्रीबावा, सरळ सांगा. माझा गव्हाजी मेला का?" शास्त्रीबोवा म्हणाले, "अजून वाचून झाला नाही. होळीपर्यंत दहा दिवस आहेत. पत्र कोणास देऊ नका." आणि पाचही पोथ्या मांडोन बसले.

त्या ताडणीची थोरवी काय वर्णावी! पहिली पोथी मोडीत, चाळीस पाने, अक्षर मुंगीचे, कर्ता अज्ञात. तीत कवचाचा आकडा जितका उणा तितके कवच बळकट, ऐसा उफराटा हिशेब, आणि मांत्रिकाने मंत्र सकाळी पाठ करावा आणि एकदा म्हटला की विसरावा. शास्त्रीबोवा म्हणत, विद्येचे याहून खरे चित्र दुसरीकडे नाही. दुसरी पोथी म्हणजे पहिलीचेच बाळबोध लिप्यंतर, तीस वर्षांमागे तरुण हैबतपंतांनी केलेले, अक्षर मोत्याचे, शब्द सुटे सुटे. लोक मोडी विसरले आणि हीस आद्य पोथी समजोन खेळू लागले. तिसरीने कवच सुलटे केले, जितके अधिक तितके बळकट, आणि दोरीवर चढण्यापासोन कुलूप उघडण्यापर्यंत प्रत्येक कसबास आकडा दिला. चौथीस शहर हसले, म्हणाले ही तर बुद्धिबळाची घरे; परंतु शास्त्रीबोवांनी तिला दोन्ही हातांनी उचलिले, कारण साध्या शिपायासही मांत्रिकाइतके डाव प्रथम तिनेच दिले, कोणता प्रसंगी एकदा, कोणता दिवसात एकदा. पाचवीने शंभर कोष्टके बुडवोन एक ओळ लिहिली की अनुकूळ असता दोन फासे टाकोन वरचा घ्यावा, प्रतिकूळ असता खालचा. आणि शास्त्रीबोवांनी ती ओळ वाचोन मान डोलविली, जैसा गवई दुसऱ्याच्या तानेस डोलवितो. आता मरणाचे पाहावे तर तिसरीत शून्यास आला तो पडला, उणे दहांस मेला. चौथीत तीनदा फासा चुकला तर मेला. पाचवीत तीन फासे यशाचे, तीन अपयशाचे, आधी जे भरतील ते खरे. म्हणजे "नियम एकच" हे वाक्य सप्तमीपर्यंतच मेले, आणि त्यास तीन फाशांची गरज पडली नाही.

परंतु पोथ्यांत वाद पडल्यास आद्य पोथी प्रमाण, ऐसा राज्याचा कायदा. आणि आद्य पोथीत शास्त्रीबोवांनी वीस वर्षे जे वाचिले ते दयेचे नव्हते: गडी मरून पावे विसावा. तेव्हा नवमीस मन खिन्न करोन, मोडी पोथी घेवोन ते पिलखान्यात गेले. म्हणाले, "बाई, शेवटच्या तिन्ही पोथ्या तुमच्या बाजूच्या, आणि प्रमाण ती हीच नाही." बाई हत्तिणीच्या पायास लेप लावीत होत्या. औषधांच्या याद्या मोडीत असत म्हणोन मोडी त्यांस येई. बाळबोध पोथी त्यांनी कधी उघडली नव्हती. हात पुसोन म्हणाल्या, "बघू." आणि ओळीवर बोट ठेवोन मोठ्याने वाचू लागल्या, "शून्यास आला गडी मरू न पावे. विसावा तीन फासे. टाकावे." शास्त्रीबोवा म्हणाले, "काय वाचलेत?" बाई म्हणाल्या, "जे लिहिलंय ते. मरू न पावे. मरायला मिळत नाही त्याला. थोडा दम खायला तीन फासे." शास्त्रीबोवांनी पोथी ओढोन घेतली. मोडीत शब्द तुटत नाहीत, ऱ्हस्वदीर्घ नाही, अनुस्वार बहुधा नाही. "मरुनपावेविसावातीनफासेटाकावे" ऐसी एकच साखळी. तोडाल तैसी तुटे. मरून पावे विसावा. अथवा मरू न पावे. शास्त्रीबोवांनी दुसरी पोथी आधी पाठ केली होती आणि पहिली तिच्या डोळ्यांनी वाचिली होती. ते हत्तिणीच्या चाऱ्यावर बसले आणि म्हणाले, "बाई, वीस वर्षे मी हैबतपंत वाचीत होतो." हा शब्द त्यांच्या मोठेपणाचा; दफ्तरात ऐसा शब्द बोलणारा अद्याप जन्मास आला नाही.

द्वादशीस महाराजांसमोर सभा भरली. हैबतपंत म्हणाले, "एका वैदिणीच्या वाचनावर कायदा फिरावा काय? साखळी दोन्हीकडे तुटते हे शास्त्रीबोवांनी सांगितलेच. मग आमची तोड काय वाईट?" शास्त्रीबोवा म्हणाले, "वाईट नाही. अक्षरांवरून निवाडा होत नाही, हे मी लपवीत नाही. परंतु आपल्या तोडीने 'तीन फासे टाकावे' हे सुटे राहते. ते कशास टाकावे?" पंत म्हणाले, "नव्या सोंगाच्या गुणांस." शास्त्रीबोवा म्हणाले, "ते बत्तिसाव्या पानी सांगून झाले. ज्या कर्त्याने चाळीस पानांत एक शब्द दोनदा लिहिला नाही, तो इथेच का बरळला?" पंत म्हणाले, "कर्त्यास विचारा." सभा पुन्हा हसली. तेव्हा शास्त्रीबोवांनी दुसऱ्या पोथीचा मूळ खर्डा मागितला. दफ्तरातून उत्तर आले की खर्डा वाळवीने खाल्ला. महाराज म्हणाले, "वाळवीस आमची आज्ञा कळवा, उद्या प्रातःकाळी ओकून ठेवावा." आणि त्रयोदशीस खर्डा आला, एकही भोक नसता.

शास्त्रीबोवांनी ते पान खिडकीशी उजेडास धरिले आणि महाराजांस जवळ बोलाविले. "मरून" या शब्दात "रू"च्या माथ्यावर कागद खरवडोन पातळ जाहला होता, टिंबाएवढा. आणि "रू" आणि "न" यांमधली शिरोरेषा बाकीच्याहून काळी, मागाहून ओढलेली. म्हणजे पहिल्याने लिहिले "मरूं न पावे", आणि मग अनुस्वार पुसोन, दोन शब्दांमधली मोकळी जागा एका रेघेने बुजविली. शास्त्रीबोवा आवाज न चढविता म्हणाले, "पंत, तुम्ही बरोबर वाचले होते. माझ्याआधी, या राज्यात सर्वांआधी. म्हणोन विचारतो, रेघ कोणाची?" हैबतपंतांनी पान हाती घेवोन पाहिले. मग त्यांनी लेखणी मागितली.

तेथेच बैठक मांडली आणि बाईंच्या हाती फासा दिला. नियम ऐसा की तिहींत एक जरी दहाच्या वर पडला तरी गड्यास श्वास आहे. पहिला पडला चार. दुसरा नऊ. बाईंनी फासा पुसिला नाही, फुंकला नाही, देवाचे नाव घेतले नाही. जैसी औषधाची पुडी सोडावी तैसा सोडला. अकरा. महाराजांपासोन चोपदारापर्यंत सभा ओरडली, आणि बाईंनी पत्र काढोन शून्य खोडले आणि तेथे एक मांडिला.

सारांश, नारोशास्त्रींनी पाच पोथ्या ताडिल्या आणि पाचांस मान दिला, आवडाबाईंनी एक ओळ वाचिली, आणि गव्हाजी दिवटीवाला हुताशनीस होळीत गेला नाही. दफ्तराने अद्याप जाहीरनामा उतरविला नाही. पंतांनी काही कबूल केले हेच तेथे कोणास आठवत नाही. यास्तव त्यांच्या हातची कबुली, कानामात्रा न बदलता, येथे उतरोन ठेविली आहे:

"मी हैबत बिन रामाजी, लिहून देतो की खर्ड्यात प्रथम बरोबर लिहिले होते. त्याच आठवड्यात माझे सोंग पडले. सात वर्षांचे होते. मोडी पोथीप्रमाणे तीन फासे मिळाले, तीनही टाकले, तीनही हुकले. सोंग गेले त्याचे दुःख नव्हते, पहिला आणि तिसरा यांमध्ये जी आशा धरावी लागली ती सोसवली नाही. लोकांस ती सोसावी लागू नये म्हणून टिंब खरवडले आणि रेघ ओढली. मी त्यास दया समजलो. तीस वर्षांत त्या रेघेवर कितीजण मेले ते मोजले नाही, मोजवले नसते. रेघ माझी."